गळके इंजिन: उघडावे की चालू द्यावे?

ओतीव लोखंडाचा ब्लॉक, त्यावर हेड, हेडवर टॅपेट कव्हर, खाली ऑइलचा चेंबर, पुढे टायमिंग कव्हर, बाजूला पेट्रोल पंप आणि वॉटर पंप. जुन्या मोटारीचे इंजिन असे सुटे भाग बोल्टांनी आवळून उभे केलेले असते. धातूचे दोन पृष्ठभाग कितीही घासून सपाट केले तरी त्यांच्यात बारीक फट राहतेच. ती बुजवण्यासाठी मधे दबणाऱ्या पदार्थाचा एक थर घालतात. तेच गॅस्केट, गॅरेजच्या बोलीत पॅकिंग. जेथे फिरता दांडा इंजिनाबाहेर येतो तेथे पॅकिंग चालत नाही, तेथे ऑइल सील लागते. चाळीस-पन्नास वर्षे चाललेल्या गाडीत यांपैकी एखादा जोड पाझरतोच. मग मालकापुढे प्रश्न येतो, इंजिन उघडून पॅकिंगे बदलावीत की अधूनमधून ऑइल भरून गाडी चालवावी? थेंब किती पडतात एवढ्यावरून याचे उत्तर मिळत नाही. ऑइल कोठून सुटते, सुटून कोठे पोहोचते आणि ते थांबवण्यासाठी किती शाबूत इंजिन सोडावे लागेल, या तीन गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात.

महाराष्ट्रात हा प्रश्न सर्वांत जास्त पडतो तो दोन गाड्यांच्या मालकांना. एक, मुंबईत कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात बनलेली फियाट ११०० आणि तिचीच पुढची आवृत्ती पद्मिनी. तिचे इंजिन १०८९ सीसीचे, ब्लॉक ओतीव लोखंडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचे. दुसरी, बंगालमधल्या उत्तरपाड्याची ॲम्बेसेडर. तिच्यात दीर्घकाळ ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी-मालिकेतले १४८९ सीसीचे इंजिन होते, ज्यात ब्लॉक आणि हेड दोन्ही लोखंडी. एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारमध्ये याच मालिकेचे वाढवलेले १७९८ सीसीचे इंजिन बसवलेले असल्यामुळे परदेशातल्या एमजीबीवाल्यांचे आणि इथल्या ॲम्बेसेडरवाल्यांचे दुखणे बरेचसे एकच आहे. मुंबईच्या रस्त्यांवरून काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये कायमची गेली. टॅक्सीवाल्याचा हिशोब साधा होता: गाडी एक दिवस गॅरेजात म्हणजे एका दिवसाची कमाई बुडाली, तेव्हा गळते आहे तोवर गळू द्यावे. आता ज्या पद्मिनी उरल्या आहेत त्या बहुतेक हौसेने जपलेल्या. त्यांच्या मालकांना तसली घाई नसते, उलट हात लावायची उत्सुकता जास्त असते. त्यामुळे गरज नसताना इंजिन उघडण्याची चूक टॅक्सीपेक्षा हौशी गाडीत अधिक होते.

पॅकिंग निकामी होते ते कोणत्या पदार्थाचे आहे त्यानुसार. टॅपेट कव्हर आणि चेंबर यांना पूर्वी बुचाचे, म्हणजे कॉर्कचे पॅकिंग असे. कॉर्क दाबाखाली छान बसतो, पण इंजिनाच्या उष्णतेने वर्षानुवर्षे वाळत जातो, आकसतो आणि शेवटी बिस्किटासारखा तुटतो. कागदी पॅकिंग पंपांना आणि टायमिंग कव्हरला असते. ते एकदा दबले की पुन्हा फुगत नाही, त्यामुळे जोड एकदा सोडला की नवेच घालावे लागते. हेड गॅस्केट जुन्या काळी तांब्याच्या दोन पत्र्यांमधे ॲस्बेस्टॉस भरून केलेले असे. ऑइल सीलचे रबर तापून कडक होते, त्याची ओठासारखी कड दांड्यावर घट्ट टेकेनाशी होते. जास्त चाललेल्या इंजिनात तर त्या कडेने पोलादी दांड्यावरच खाच पडलेली असते. मग नवे सीलही तेथे गळते. गाडी नुसती उभी राहिल्यानेही हे सारे घडते. दहा वर्षे शेडमध्ये झाकून ठेवलेली गाडी बाहेर काढल्यावर पहिल्याच महिन्यात चारही बाजूंनी गळू लागते, आणि मालकाला वाटते की इंजिन अचानक बिघडले.

गळती कोठून आहे हे शोधणे हे या सगळ्या कामातले सर्वांत महत्त्वाचे पाऊल आहे, आणि नेमके तेच सर्वांत जास्त वेळा टाळले जाते. गळलेले ऑइल वजनाने खाली उतरते आणि गाडी धावताना पंख्याच्या व वाऱ्याच्या झोताने मागे ढकलले जाते. म्हणून ते जेथे ठिबकते ती जागा बहुधा मूळ जागेच्या खाली आणि मागे असते. टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून झिरपलेले ऑइल ब्लॉकच्या पाठीवरून उतरून क्लचच्या घराखाली थेंब धरते, आणि पाहणारा म्हणतो की मागचे सील गेले. पहिल्या कामाला एक पॅकिंग आणि अर्धा तास लागतो. दुसऱ्याला गिअरबॉक्स उतरवावा लागतो. एवढा फरक असताना अंदाजावर काम करणे परवडत नाही. इंजिन बाहेरून रॉकेल किंवा डिग्रीझरने पूर्ण स्वच्छ करून सुकवावे, जोडांवर टाल्कम पावडर भुरभुरावी, गाडी दहा-पंधरा मिनिटे चालवावी आणि टॉर्च घेऊन वरून खाली पाहत यावे. पांढऱ्या पावडरीवर ओली रेघ जेथून सुरू होते ती गळतीची जागा. ऑइलमध्ये मिसळायचा चमकणारा रंग आणि अतिनील दिवा मिळाला तर अधिक बरे, पण त्याविनाही भागते.

काय गळते आहे हेही ओळखावे लागते. इंजिन ऑइल तपकिरी-काळे असते. गिअर ऑइल दाट आणि गंधकाच्या उग्र वासाचे. रेडिएटरमधले कूलंट रंगीत आणि गोडसर वासाचे. नुसते नळाचे पाणी घातले असेल तर त्याचा गंजकट डाग उरतो. ब्रेक ऑइल पातळ असते आणि रंगावर पडले तर रंग सोलते. पेट्रोल वासावरून लगेच कळते आणि त्याच्या बाबतीत विचार करत बसायचे नसते, गळती थांबेपर्यंत गाडी सुरू करायची नाही.

जागा सापडली तरी पाना हातात घेण्याआधी इंजिनाचा श्वास तपासावा. पिस्टनच्या रिंगांमधून थोडा जळका वायू नेहमीच खाली चेंबरमध्ये उतरतो. तो बाहेर जाण्यासाठी ब्रीदर असतो. जुन्या गाड्यांत ही बहुधा खाली लोंबणारी एक साधी नळी असे. गाडी धावू लागली की तिच्या तोंडापाशी वारा ओढ निर्माण करी आणि आतला वायू निघून जाई. या नळीत किंवा तिच्या जाळीत काजळी आणि घट्ट झालेले ऑइल साचले की वायूला वाट उरत नाही. चेंबरमधला दाब वाढतो आणि जो जोड सर्वांत कमजोर त्यातून ऑइल ढकलले जाते. अशा इंजिनाला सगळी पॅकिंगे नवी घातली तरी दोन महिन्यांत ती पुन्हा ओली होतात. ब्रीदर साफ करायला पैसे लागत नाहीत, आणि पुष्कळदा एवढ्याने गळती निम्म्यावर येते. ब्रीदर मोकळा असूनही ऑइल भरायचे झाकण काढल्यावर तेथून धूर भकभक बाहेर येत असेल, सायलेन्सरमधून निळा धूर निघत असेल, तर रिंगा आणि सिलिंडर झिजले आहेत. त्या गाडीला पॅकिंगचे काम एकटे करून उपयोग नाही. बोअर-पिस्टनचे काम केव्हा करायचे हा तिचा खरा प्रश्न आहे.

ऑइलची पातळी आणि घट्टपणाही याच टप्प्यावर पाहावा. डिपस्टिकच्या वरच्या खुणेपेक्षा जास्त ऑइल भरण्याची सवय अनेकांना असते, आणि जास्तीचे ऑइल कोठून ना कोठून बाहेर पडतेच. या इंजिनांच्या फटी २०डब्ल्यू-५० सारख्या दाट ऑइलला साजेशा आहेत. नव्या गाडीसाठी बनवलेले पातळ सिंथेटिक ऑइल त्यांत घातले तर काल कोरडा असलेला जोड आज पाझरू शकतो.

बी-मालिकेच्या इंजिनाची एक गोष्ट स्वतंत्रपणे सांगायला हवी, कारण ती माहीत नसल्याने ॲम्बेसेडरच्या मालकांचे बरेच पैसे वाया जातात. या इंजिनाच्या जुन्या तीन-बेअरिंगच्या घडणीत क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाला रबरी सील नाहीच. तेथे दांड्यावरच स्क्रूच्या आट्यांसारखी एक खोबण कोरलेली असते. दांडा फिरतो तेव्हा ही खोबण बाहेर येऊ पाहणारे ऑइल आत परत ढकलते. फिरणारा दांडा आणि त्याभोवतीचे घर यांच्यात अतिशय बारीक फट ठेवलेली असते, ते एकमेकांना टेकत नाहीत. ही रचना इंजिन चालू असताना आणि चेंबरमध्ये दाब साचलेला नसताना चांगली चालते. इंजिन बंद केले की खोबणीचे काम थांबते आणि तेथे उरलेले थोडे ऑइल ओघळून क्लचच्या घराखाली दोन-चार थेंबांनी पडते. चढावर नाक वर करून उभी केलेली गाडी जरा जास्त थेंब टाकते. म्हणजे ॲम्बेसेडरच्या मागे सकाळी दिसणारे थोडे ठिपके हा मूळ रचनेचाच भाग आहे, आणि बदलायला तेथे पॅकिंगच नाही. मुख्य बेअरिंगे झिजली की दांडा खाली बसतो, भोवतालची फट एका बाजूने वाढते आणि गळती खरोखर वाढते. पण त्यावर इलाज बेअरिंगांचा. रबरी सील बसवण्याचे जोडसंच परदेशात मिळतात. ते बसवायला इंजिन खाली घ्यावे लागते, आणि बसवताना मध्य जरा चुकला तरी ते मूळ खोबणीपेक्षा जास्त गळतात. एमजीबीमध्ये १९६४ साली पाच-बेअरिंगचे इंजिन आले तेव्हा कारखान्याने स्वतःच मागे रबरी सील दिले. त्या गाडीचा मालक मात्र सील बदलण्याचा विचार रास्तपणे करू शकतो.

आता प्रमाण. ऑइलचे साधारण वीस थेंब म्हणजे एक मिलिलिटर. रात्रभरात दहा थेंब पडले तर अर्धा मिलिलिटर, आणि वर्षभर रोज पडले तरी दोनशे मिलिलिटरच्या आत. ॲम्बेसेडरच्या इंजिनात सुमारे चार लिटर ऑइल मावते आणि ते वर्षातून एकदा तरी बदलावेच लागते, तेव्हा एवढ्या गळतीने इंजिनाचे काही बिघडत नाही. फरशीवरचा काळा डाग डोळ्यांना खुपतो, पण तो पुठ्ठा किंवा ट्रे ठेवून झेलता येतो. उभ्या गाडीच्या थेंबांपेक्षा चालत्या गाडीचा खर्च जास्त बोलका असतो. दोनशे-तीनशे किलोमीटरमध्ये डिपस्टिक वरच्या खुणेवरून खालच्या खुणेवर येत असेल तर एवढे ऑइल कोठे जाते हे शोधायलाच हवे, कारण लांबच्या प्रवासात पातळी नजरेआड घसरली तर बेअरिंगे जळतात.

काही ठिकाणी मात्र एक थेंबही सहन करू नये. टॅपेट कव्हरमधून निघालेले ऑइल एक्झॉस्टच्या तापलेल्या मॅनिफोल्डवर पडत असेल तर आधी जळका वास येतो, नंतर धूर, आणि शेजारी पेट्रोलची नळी झिरपत असेल तर आग. क्लचच्या प्लेटवर ऑइल पोहोचले की चढावर इंजिनाचा वेग वाढतो पण गाडी पुढे सरत नाही. खंबाटकी किंवा वरंधासारख्या घाटात हे धोक्याचे आहे. मागच्या ॲक्सलचे सील गळून ऑइल ब्रेकच्या लायनरवर गेले तर ब्रेक एका बाजूला ओढतो. ही गळती इंजिनाची नाही, पण तपासताना नजरेतून सुटू नये. रस्त्याचाही विचार मालकाने करायला हवा. उन्हाळाभर डांबरावर साचलेले ऑइल पहिल्या पावसात वर येते आणि त्यावर घसरतो तो दुचाकीवाला. ज्या गाडीमागे रस्त्यावर सलग ठिपक्यांची रेघ उमटते ती दुरुस्त करण्याची जबाबदारी इंजिनाच्या तब्येतीवर अवलंबून नाही.

हेड गॅस्केटचा निर्णय या सर्वांहून निराळा असतो. ते एकाच वेळी सिलिंडरमधला जळता वायू, पाणी आणि ऑइल यांना वेगळे ठेवते. हेडच्या कडेला बाहेरून ऑइलचा किंचित ओलावा दिसतो आणि इंजिन तापत नाही, एवढेच असेल तर काही महिने थांबता येते. पण रेडिएटरचे झाकण उघडून इंजिन सुरू केल्यावर पाण्यात सतत बुडबुडे येणे, पाणी कमी होत जाणे, गोडसर वासाचा पांढरा धूर, डिपस्टिकवर दुधाळ ऑइल, यांपैकी एकही खूण पक्की झाली तर गाडी चालवूच नये. पाणी मिसळलेल्या ऑइलची बेअरिंगांवर पातळ चादर टिकत नाही आणि हजाराच्या पॅकिंगचे काम क्रँकशाफ्टपर्यंत जाते. खात्री करायला कॉम्प्रेशन तपासावे. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांत ते एकदम कमी असेल तर त्यांच्यामधली गॅस्केटची पट्टी जळली आहे. रेडिएटरमध्ये जळका वायू आहे का हे सांगणारे निळे रसायनही मिळते. वायू असेल तर ते पिवळे पडते. फक्त ऑइलच्या झाकणाखाली थोडी पिवळट मलई दिसली म्हणून मात्र घाबरू नये. थंडीत किंवा पावसाळ्यात दोन-तीन किलोमीटरच्याच फेऱ्या मारल्या तर आतल्या वाफेचे तेथे पाणी होते, आणि एका लांब प्रवासाने ती मलई निघून जाते.

पद्मिनीच्या बाबतीत येथे अधिक सावध राहावे लागते. ॲल्युमिनियम तापल्यावर ओतीव लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. चाळीस सेंटिमीटर लांबीचे हेड सत्तर अंशांनी तापले तर ते खालच्या ब्लॉकपेक्षा साधारण पाव ते एक तृतीयांश मिलिमीटर जास्त लांबते, आणि हे घासणे प्रत्येक प्रवासात गॅस्केटला सोसावे लागते. एकदा पाणी संपून गाडी चांगली तापली असेल तर हेड वाकलेले असण्याची शक्यता धरूनच चालावे. शिवाय वर्षानुवर्षे नुसते नळाचे पाणी घातल्याने ॲल्युमिनियममधल्या पाण्याच्या वाटांच्या कडा कुरतडल्या जातात. तेथे नवे गॅस्केटही नीट टेकत नाही.

उघडायचे ठरले तर कोणते काम किती खोल आहे याचा अंदाज आधी घ्यावा. टॅपेट कव्हर हे सर्वांत सोपे, आणि गळत असेल तर वाट पाहण्याचे कारणच नाही. त्याचे नट घट्ट आवळून गळती थांबवण्याचा मोह टाळावा. जास्त आवळले की कॉर्क चिरडतो, कव्हरचा पत्रा बोल्टाभोवती खाली दबतो आणि दोन बोल्टांमधे फट उघडते. दबलेला पत्रा लाकडी ठोकळ्यावर ठेवून आधी सपाट करावा, मग नवे पॅकिंग. ॲम्बेसेडरच्या ब्लॉकच्या बाजूला असलेली टॅपेटची दोन झाकणेही अशीच आवळून वाकवलेली सापडतात, आणि ती एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या खाली असल्याने मॅनिफोल्ड काढल्याशिवाय हात पोहोचत नाही. टायमिंग कव्हरसाठी रेडिएटर आणि पुढची पुली काढावी लागते. कव्हर परत बसवताना पुली घालून सील मध्यावर आणावे आणि मगच बोल्ट आवळावेत, नाहीतर नवे सील एका बाजूने झिजते. चेंबरच्या आड काही गाड्यांत पुढची क्रॉसमेंबर येते आणि इंजिन माउंटिंगवरून थोडे उचलावे लागते. सर्वांत मागची गळती म्हणजे गिअरबॉक्स खाली.

मागच्या आणि हेडच्या कामात पॅकिंगची किंमत गौण असते, पैसे जातात मजुरीत आणि वाटेत जे मोडते त्यात. पोलादी स्टड ॲल्युमिनियममध्ये गंजून बसलेले असतात. ते तुटतात किंवा आटे सोबत घेऊन येतात. म्हणून फक्त पाझर थांबवण्यासाठी एवढ्या खोल जाऊ नये, दुसऱ्या कारणाने जायचे असेल तेव्हा पाझरही उरकावा, हा अनुभवी मेकॅनिकांचा नियम योग्य आहे. क्लच प्लेट बदलायची वेळ आली की मागचे सील, रिलीज बेअरिंग आणि पायलट बुश त्याच खेपेला. हेड काढायचेच असेल तर व्हॉल्व्ह घासून घ्यावेत, गाइड पाहावेत आणि ॲम्बेसेडरच्या लोखंडी हेडमध्ये एक्झॉस्टला कडक सीट बसवण्याचा विचार करावा. ही हेडे शिशाच्या पेट्रोलसाठी घडवलेली होती. ते पेट्रोल देशातून २००० साली गेले, आणि तेव्हापासून सीट हळूहळू खचत जातात. उलट, चांगले चालणारे, कॉम्प्रेशन शाबूत असलेले, कारखान्यातून आल्यापासून न उघडलेले इंजिन केवळ चार थेंबांसाठी खोलणे ही त्या गाडीची हानीच आहे. असे इंजिन एकदा उघडले की पुन्हा न उघडलेले होत नाही. कायद्याची अडचण मात्र येथे नाही. पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला व्हिंटेज म्हणून नोंदवण्यासाठी इंजिनात किंवा चासीत मोठे बदल केलेले चालत नाहीत, पण तशीच पॅकिंगे नव्याने घालणे हा बदल होत नाही.

बाटलीतले गळतीरोधक औषध हा मधला मार्ग म्हणून विकला जातो. ऑइलमध्ये घालायचे औषध रबर फुगवते, त्यामुळे कडक झालेले सील काही काळ कोरडे राहू शकते. कॉर्क आणि कागदावर त्याचा परिणाम होत नाही. रेडिएटरमध्ये घालायची पूड फट बुजवते तशा रेडिएटरच्या बारीक नळ्याही बुजवते. रस्त्यात अडकल्यावर घरी पोहोचण्यापुरताच तिचा उपयोग.

जुने हेड गॅस्केट काढताना त्यात ॲस्बेस्टॉस आहे असे धरूनच काम करावे. त्याचे सूक्ष्म तंतू श्वासातून फुप्फुसात जाऊन राहतात आणि अनेक वर्षांनी कर्करोगासह गंभीर आजार देतात. पृष्ठभाग पाण्याने भिजवून हळूच खरवडावा, कोरडा घासू नये, ड्रिलला तारेचा ब्रश लावून तर अजिबात नाही. हवेचा झोतही मारू नये. चिकटवण्याच्या बाबतीतही हात आखडता हवा. हेड गॅस्केटला बहुधा काहीच लावायचे नसते. कागदी पॅकिंगला शेलॅकचा पातळ हात पुरतो. ट्यूबमधले सिलिकॉन जाड पिळले तर दाबल्यावर बाहेर येते तसे आतही येते, तुकडे होऊन ऑइल पंपाच्या जाळीत अडकते, आणि बाहेरून कोरड्या दिसणाऱ्या इंजिनात आत ऑइल पोहोचेनासे होते.

हेड बसवण्याआधी त्यावर पोलादी पट्टी ठेवून फीलर गेजने सपाटी मोजावी. मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा बाकही जास्त ठरतो. तसे असेल तर लेथवाल्याकडून फेस करून घ्यावे, पण गरजेपुरतेच, कारण प्रत्येक फेसिंगने ज्वलनकक्ष लहान होतो आणि कॉम्प्रेशन वाढते. नट मधून सुरू करून बाहेरच्या दिशेने, दोन-तीन टप्प्यांत, टॉर्क पान्याने आवळावेत. जुन्या धर्तीचे गॅस्केट पहिल्या काही तापण्या-थंड होण्यात आणखी दबते, म्हणून साधारण पाचशे किलोमीटरनंतर हँडबुकात दिल्याप्रमाणे नट त्याच क्रमाने पुन्हा तपासावे लागतात. हेड असे खाली बसले की टॅपेटची फटही बदलते. ती त्याच वेळी पुन्हा लावून घ्यावी, आणि टॅपेट कव्हर बंद करण्याआधी त्याच्या कडेवर जुन्या कॉर्कचा कण राहिला नाही ना, हे बोट फिरवून पाहावे.